गोदीचं दुसरं टोक

रायपुरात समुद्र आधी आला तो मिठातून. छत्तीसगढीत मिठाला नून म्हणतात. आगगाडी यायच्या आधी हे नून बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं. पूर्व किनाऱ्याच्या मिठागरांतून निघालेले तांडे घाट आणि सालाची रानं ओलांडत महानदीच्या खोऱ्यात उतरायचे, गोणी रिकाम्या करायचे आणि परतताना त्यांतच धान भरून न्यायचे. इकडच्या शेतकऱ्याची न्याहारी म्हणजे बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला रात्रीचा भात. जोडीला कांदा आणि चिमूटभर नून. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याच्या जेवणात तो रोज असायचा.

माझ्या आजोबांना या व्यवहाराची पुढची पायरी ठाऊक होती. ते वर्ध्याहून रायपूरला आले ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून. मराठी घरांची जुनी वस्ती असलेल्या तात्यापाऱ्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. रात्री जेवताना ते गावांची नावं घ्यायचे, मुंबई, कलकत्ता, वाल्टेर. त्यांतल्या एकाही गावी ते गेले नव्हते. पण कुठल्या पोत्याला कुठलं बंदर लागणार हे बिल्टीवर त्यांच्या हातून लिहिलं जायचं. लाख, हिरडा, तांदूळ, लाकूड. "माल आपला, नाव बंदराचं," असं ते म्हणायचे, असं आई सांगते.

गेल्या हिवाळ्यात मी मुंबईला निघाले ती हे वाक्य डोक्यात घेऊनच. भाची चिंचपोकळीला राहते. तिने फोनवर सांगितलं होतं, "मावशी, भाऊ दाजी लाड संग्रहालय पुन्हा उघडलंय, या वेळी बघूनच जा." डागडुजीसाठी काही वर्षं दारं बंद ठेवून २०२५च्या जानेवारीत ते परत खुलं झालं होतं. रायपूर ते मुंबई अकराशे किलोमीटरच्या वरचा प्रवास. हावडा-मुंबई मेलच्या त्या डब्यात मी एका गोष्टीचा विचार करत होते. आमच्या धानाने, लाखेने, लाकडाने हाच रस्ता किती वेळा कापला असेल, आणि या रस्त्याच्या शेवटी जे संग्रहालय उभं आहे त्यात त्याची कुठे नोंद असेल का?

भाची आणि मी भायखळ्याला उतरलो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच मार्गाने गेली होती. अलीकडे हे स्थानक फार आस्थेने दुरुस्त केलं आहे. २०२२मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. रोज लाखो पावलांखाली असलेली इमारत इतकी नीट राखता येते, हे पाहून मला आमच्याकडची पाडलेली छोटी स्थानकं आठवली. त्यांच्याकडे मी पुढे येईनच.

राणीच्या बागेच्या आवारात शिरलं की संग्रहालयाआधी हत्ती लागतो. दगडाचा, भला थोरला. हा घारापुरीचा हत्ती. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलेफंटा नाव दिलं तोच. १८६४च्या सुमाराला त्याला जहाजात घालून इंग्लंडला न्यायचा बेत झाला. उचलताना यारीची साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४मध्ये जोडून इथे उभे केले गेले. भाचीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती हत्तीच्या अंगावरचे जोड बोटाने दाखवू लागली. मला तो हत्ती फार जवळचा वाटला. आतून, लांबून आलेलं सगळं पुढे पाठवणं हेच ज्या बंदराचं काम, त्याला न पाठवता आलेली एक वस्तू त्याच्याच बागेत उभी आहे.

आत पाऊल टाकलं की डोळे आधी वर जातात. बिडाचे उंच खांब, कठडे, छताच्या पट्ट्यांवर सोनेरी काम, फिकट हिरवा रंग, मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. बाहेरून इमारत शांत, ग्रीक-रोमन वळणाची. आत मात्र एकोणिसाव्या शतकाचा सगळा उत्साह एका दालनात कोंबलेला. २००३ ते २००८ या काळात महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून इमारतीला पुन्हा उभं केलं. संवर्धनाचं काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी पाहिलं आणि त्यालाही २००५मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुंबईकरांनी या कामाचा अभिमान बाळगावा. पडायला आलेली इमारत पाडून टाकण्यापेक्षा ती जपायला कितीतरी जास्त माणसं आणि जास्त चिकाटी लागते.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती या संग्रहाच्या जन्माची कथा. आज आपण संग्रहालय म्हणजे जुन्या, सुंदर वस्तूंची जागा समजतो. हे संग्रहालय तसं जन्माला आलंच नव्हतं. १८५१ला लंडनचं आणि १८५५ला पॅरिसचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा हिंदुस्थानात काय पिकतं, काय खणून निघतं, काय बनतं याचे नमुने गोळा करायची धावपळ झाली. त्या धावपळीतून मुंबईच्या किल्ल्यातल्या बराकींत एक संग्रह तयार झाला. त्याच्या मूळ लांबलचक नावात निसर्ग, अर्थव्यवहार, भूगर्भ, उद्योग आणि कला हे सगळे शब्द होते. म्हणजे तो व्यापाऱ्याला माल दाखवायचा वखारीसारखा संग्रह होता. धान्यं, तंतू, डिंक, रंग, लाकडाचे तुकडे, खडक. आतल्या मुलखाची एक यादीच म्हणा ना.

१८५७च्या धामधुमीत लष्कराने बराकी परत घेतल्या आणि त्या संग्रहाची बरीच नासधूस झाली. उरलेलं वाचवून पुन्हा उभं करणाऱ्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड होते. जन्माने बेळगावचे. त्यांच्या जोडीला जगन्नाथ शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजी होते. गोव्यातल्या मांद्र्याच्या मुलाने मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घ्यावी, कुष्ठरोगावर औषध शोधावं, शिलालेख वाचावेत आणि वर शहराला संग्रहालय हवं म्हणून वर्गण्या गोळा कराव्यात. एका आयुष्यात हे सगळं बसवणारा हा माणूस १८७४मध्ये गेला. त्याच्या नावाची पाटी इमारतीवर लागायला १९७५ उजाडलं. तोवर तिथे राणी आणि तिचा नवरा यांची नावं होती.

आता कापसाकडे येते, कारण या इमारतीच्या पायात कापूस आहे. १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. सगळे मुंबईकडे वळले. कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला. संग्रहालयाचा पाया घातला गेला तो या पुराच्या भर मध्यावर, १८६२ला. १८६५ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका आणि कंपन्या बुडाल्या, आणि या सट्ट्यात भाऊ दाजींचंही मोठं नुकसान झालं. इमारतीचे पैसे आटले, काम रेंगाळलं. दारं उघडली ती १८७२मध्ये. पाया आणि दार यांच्यातली ही दहा वर्षं म्हणजे कापसाच्या भरतीची आणि ओहोटीची वर्षं. तो कापूस मुंबईत पिकत नव्हता. तो वऱ्हाडातून, वर्ध्याच्या खोऱ्यातून, हिंगणघाटच्या बाजारातून, खानदेशातून यायचा. आजोबांचा मुलूख.

तो कापूस ओढून आणायलाच रूळ आत-आत गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ला नागपूरला पोहोचली. त्याच्या पुढे छत्तीसगढ, आणि छत्तीसगढात धान. १८८० ते १८८२ या वर्षांत नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटर गेजचा मार्ग टाकला गेला. मग १८८७ला बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने तो मार्ग घेतला, ब्रॉडगेज केला आणि त्या दशकाच्या शेवटी गाडी रायपुरात आली. १८९१ला ती पुढे आसनसोलपर्यंत जाऊन कलकत्त्याच्या रुळांना जोडली गेली. या तारखा कोरड्या वाटतील, पण त्यांत एक गोष्ट दडलेली आहे. १८९१च्या आधी आमच्या धानाला आगगाडीने सरळ जायला एकच बंदर होतं, मुंबई.

इथे मला थांबावंसं वाटतं. छत्तीसगढच्या घराघरांत मातीची कोठी असते, धान साठवायची. रस्ते नव्हते तेव्हा चांगल्या सालचं धान बाहेर जायचं ते बैलांच्या पाठीवर मावेल तेवढंच. बाकीचं कोठीत राहायचं आणि वाईट सालाला कामी यायचं. रूळ आल्यावर कोठीतल्या धानाला भाव आला. भाव आला म्हणून ते विकलं गेलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत रायपूर-बिलासपूरच्या गावांनी जे भोगलं, त्यात पावसाचा दोष मोठाच होता. पण कोठ्या रिकाम्या असण्याचा दोषही होता. रेल्वेने त्याच दुष्काळात धान्य आणलंही, हे मी नाकारत नाही. तरी ज्या डब्यांतून मदतीचं धान्य आलं, त्याच डब्यांतून आधीच्या वर्षांत ते गेलं होतं. मुंबईच्या संग्रहालयात सोन्याच्या वर्खाच्या खांबांखाली उभी असताना मला त्या कोठ्या दिसत होत्या. कुठल्याही बंदराच्या वैभवाबद्दल बोलताना हे आतलं टोक सुटतं, आणि ते सुटू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या छोट्या बाहुल्यांतून साकारलेली माणसं, नाना तऱ्हेच्या पगड्या, धंदे, खेळ, होड्या-गलबतांच्या प्रतिकृती. मातीच्या बाहुल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, सेसिल बर्न्स या कला-शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेल्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपर्यंत काम आहे. भाची एकेका पगडीवरून जात ओळखायचा खेळ खेळू लागली. त्या काळच्या साहेबाला माणसं अशीच दिसायची, जात, धंदा आणि डोक्यावरचं फडकं. प्रत्येक चिठ्ठीवर काय आहे आणि कुणी केलं ते लिहिलेलं. हस्तिदंत कुठल्या रानातलं, रेशीम कुठल्या गावचं, लाख कुठल्या झाडाची, हे मात्र जगातल्या कुठल्याच संग्रहालयाच्या चिठ्ठीवर सहसा नसतं. आमच्याकडे कुसुम आणि पळसाच्या झाडांवर लाख धरते. ती खरवडणारे हात आदिवासी बायकांचे असतात. त्या लाखेपासून केलेल्या चपडीने एकेकाळी युरोपातली लाकडी कपाटं चमकायची आणि ग्रामोफोनच्या तबकड्याही घडायच्या. ती लाख बंदरातून गेली आणि बंदराच्या नावाने गेली.

गलबतांच्या प्रतिकृतींपाशी मी भाचीला हार्टलपूलची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे बंदर, कोळसा आणि जहाजबांधणीवर वाढलेलं. गोदीचा उद्योग संपल्यावर त्यांनी जुन्या गोदीचंच संग्रहालय केलं. त्याचं मुख्य आकर्षण म्हणजे ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका. ब्रिटनमध्ये अजून पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी युद्धनौका आहे. आणि ती बांधली गेली मुंबईच्या गोदीत, १८१७ साली, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. नेपोलियनच्या युद्धांनी इंग्लंडातला ओक संपत आला होता, म्हणून मलबारच्या सागाची जहाजं मुंबईत बांधून घेतली जात होती. दोनशे वर्षांनंतरही ती तरंगते ती त्या सागामुळे. म्हणजे एका इंग्रजी बंदराचा औद्योगिक वारसा मुंबईच्या सुतारांचा आहे, आणि मुंबईच्या सुतारांचा वारसा मलबारच्या रानाचा. दोरी ओढत गेलं की ती आत-आत जातच राहते.

दुपारी आम्ही चालत लालबागकडे निघालो. ताडदेवला कावसजी दावरांनी १८५४ला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या शंभर वर्षांत परळ-लालबाग-काळाचौकीचा हा सगळा पट्टा गिरण्यांच्या भोंग्यावर जागा व्हायचा आणि झोपायचा. भाचीच्या सासऱ्यांनी गिरणीत वीस वर्षं काढली. ते बोलायला लागले की खात्यांची नावं नातेवाइकांसारखी येतात. साचाखातं, त्रासन, वाइंडिंग, सायझिंग. बदली म्हणून लागलेला माणूस रोज सकाळी दारात उभा राहायचा, जॉबरने नाव पुकारलं तर आत. तीन पाळ्या, म्हणून एका खोलीत तीन तुकड्या झोपायच्या. गावाकडून आलेल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका चालवायच्या. रविवारची सुट्टी १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली, हे ते असं सांगतात की जणू लोखंडे शेजारच्या चाळीत राहत होते. आणि १८ जानेवारी १९८२. ही तारीख त्यांनी सांगितली आणि पुढे बराच वेळ ते बोललेच नाहीत. अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली आणि तो संप कुणीही मागे न घेता विरून गेला. आज त्या जमिनींवर मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत, कुठे एखादी चिमणी शोभेला ठेवलेली आहे.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारायला घेतलं आहे. मी भिंतीबाहेरूनच पाहिलं. गिरणीच्या भिंतीत गिरणीचंच संग्रहालय व्हावं, हे योग्य आहे. फक्त तिथे साच्यांबरोबर बदलीची रांग दिसावी, खानावळीतलं ताट दिसावं, भोंगा ऐकू यावा. आणि एका भिंतीवर कापसाचा नकाशा असावा. कुठल्या गावच्या बाजारातून, कुठल्या जिनात सरकी काढून, कुठल्या गाडीने गठाण आली याचा. हा नकाशा नसेल तर साचा पाहणाऱ्या मुलाला वाटेल की कापूस मुंबईतच भिंतीतून येत होता.

भाचीच्या सासऱ्यांना मी राजनांदगावच्या गिरणीबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांना वाटत होतं, गिरण्या म्हणजे मुंबई, सोलापूर, फार तर नागपूरची एम्प्रेस. नांदगावची गोष्ट मोठी आहे. तिथले संस्थानिक बैरागी महंत. महंत घासीदासांनी १८७५ला रायपुरात संग्रहालय काढून दिलं. भाऊ दाजींच्या संग्रहालयाची दारं उघडल्यावर अवघ्या तीन वर्षांनी. (सतनाम पंथाचे गुरू घासीदास वेगळे, बाहेरून येणारे पाहुणे नेहमी गोंधळतात.) त्यांचे पुत्र महंत बलरामदास यांनी गिरणीचं काम सुरू केलं, १८९४ला सूत निघू लागलं. नाव सी.पी. मिल्स. ती उभारून देणारे मॅकबेथ हे मुंबईचे. काही वर्षांतच ती कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे गेली आणि बंगाल-नागपूर कॉटन मिल्स झाली. रूळ मुंबईकडून आले तेव्हा गिरणी मुंबईच्या हाताने उभी राहिली. रूळ कलकत्त्याला मिळाले आणि गिरणीचे मालकही कलकत्त्याचे झाले. बी.एन.सी. मिलच्या मच्छरदाण्या आमच्या लहानपणी घरोघर होत्या. माझ्या लग्नातल्या रुखवतातही एक होती.

१९२०मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंहांच्या नेतृत्वाखाली या गिरणीत महिनाभराहून जास्त संप चालला. १९७४च्या कायद्याने देशभरच्या आजारी गिरण्या सरकारने घेतल्या, त्यांत मुंबईची इंडिया युनायटेड होती आणि नांदगावची बी.एन.सी.ही. दोघी एकाच महामंडळाच्या पदरात आल्या. मुंबईचा संप विरत होता त्याच काळात, १९८४ला, शंकर गुहा नियोगींच्या संघटनेच्या आंदोलनात नांदगावला गोळीबार झाला आणि कामगार मेले. २००२ला गिरणी बंद झाली. मुंबईच्या गिरण्यांवर कथा आहेत, नाटकं आहेत, सिनेमे आहेत. नांदगावची गिरणी मात्र नांदगावाबाहेर कुणाला माहीत नाही. त्याच गावात गजानन माधव मुक्तिबोध, घरी मराठी आणि कागदावर हिंदी असलेला कवी, १९५८पासून दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या स्मृतीचं संग्रहालय तिथल्या तळ्याकाठी आहे आणि ते चांगलं राखलं आहे. गिरणीसाठी तसंच एक दालन हवं. साचे, मच्छरदाणीची जाळी, हजेरीची वही आणि १८९४पासूनच्या कामगारांची नावं.

परतताना मुद्दाम नागपूरला उतरले. मोतीबागेत रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२पासून. वाफेची इंजिनं, जुने डबे, सिग्नलचे दिवे. मुलांना घेऊन आलेली कुटुंबं डब्यांत चढत होती. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मी दोन रुळांमध्ये उभी राहिले आणि माझ्या पायांना ते अंतर ओळखीचं वाटलं. रायपूर-धमतरीची आमची छोटी लाइन याच मापाची होती. १९००मध्ये, त्या दुष्काळी वर्षांच्या शेवटाला, ती सुरू झाली. अभनपूरहून एक फाटा राजिमला जायचा. धमतरीकडचं लाकूड, लाख आणि हिरडा तिने रायपूरच्या मोठ्या लाइनीवर आणून सोडला. तिथून माल पूर्वेला किंवा पश्चिमेला. १९३१ला रायपूर-विजयनगरम मार्ग पूर्ण झाला आणि तिसरी दिशा उघडली, वाल्टेर, म्हणजेच विशाखापट्टणम. मध्य प्रांतातलं मँगनीज थेट समुद्राला लावायला विशाखापट्टणमचं बंदर बांधलं जात होतं. १९३३च्या ऑक्टोबरात सिंधिया कंपनीची जलदुर्गा ही तिथे लागलेली पहिली बोट. रायपूरला सर्वांत जवळचा समुद्र तोच. बंजाऱ्यांच्या नुनाचाही किनारा तोच. पुढे बैलाडिलाचं लोखंड बस्तरातून त्याच बंदराने जपानला गेलं, आणि आजही त्या डोंगरातून मालगाड्या उतरतात. २०२२ला नौदलात आलेल्या विक्रांत युद्धनौकेच्या पोलादात भिलाईच्या कारखान्याचं पोलाद आहे. म्हणजे आमच्या भागाने समुद्राला अजूनही देणं थांबवलेलं नाही.

रायपुरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी घडी चौकातल्या अष्टकोनी इमारतीत गेले. घासीदासांचं १८७५चं संग्रहालय मूळचं इथलं. आता इथे कलादालन आहे. आठ भिंती, मधे एक मोकळा चौक, मुंबईच्या त्या सोनेरी दालनापुढे अगदीच साधी. संग्रह १९५३ला नव्या इमारतीत गेला. राणी ज्योतीदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांच्या देणगीतून ती झाली आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सिरपूरच्या धातूच्या मूर्ती पाहायला देशोदेशीचे अभ्यासक तिथे येतात. किरारी गावच्या तळ्यात मिळालेला, दोन हजार वर्षांच्या आसपासचा, अक्षरं कोरलेला लाकडी खांबही तिथे आहे. लाकूड इतका काळ टिकतं आणि त्यावरची अधिकाऱ्यांची नावं वाचता येतात. मग शंभर वर्षांपूर्वीच्या मालधक्क्यावरची माणसं इतक्या लवकर का पुसली गेली?

मला या अष्टकोनाच्या एका भिंतीशी छोट्या लाइनीचं एखादं चाक पाहायला आवडेल. एका भिंतीशी बी.एन.सी.ची मच्छरदाणी, एका भिंतीशी धानाची कोठी, एका भिंतीशी लाख आणि तिच्या शेजारी चपडी. एका भिंतीवर तीन दोऱ्यांचा नकाशा, मुंबईची, कलकत्त्याची, वाल्टेरची. प्रत्येक दोरीवर वर्ष लिहिलेलं. आजोबांच्या हातची एक बिल्टी आमच्या ट्रंकेत आहे, कोपरे झिजलेली. ती मी द्यायला तयार आहे. शहरात अशा ट्रंका असलेली कितीतरी घरं असतील, मराठी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी. मालधक्क्यावर सगळेच होते.

रायपूर स्थानक ते तेलीबांधा हा छोट्या लाइनीचा शहरातला तुकडा २०१७ला बंद झाला. जिथून ती जायची तिथे आता रुंद रस्ता आहे आणि त्यावर गाड्या वेगाने जातात. वाटेतली स्थानकं मी लहानपणी दोन पैशांच्या शेंगा खात पाहिली आहेत. आता कुठे फलाटाची कड उरली आहे, कुठे तीही नाही. लाइन मात्र मेली नाही. रुंद होऊन परत आली. २०२५च्या मार्चमध्ये रायपूर ते अभनपूर ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली.

मी एका सकाळी त्या गाडीने अभनपूरला गेले. स्वच्छ नवा डबा, विजेचं इंजिन, खिडकीबाहेर कापणीला आलेलं धान. समोर एक म्हातारी बसली होती. डोक्यावरचं गाठोडं तिने मांडीवर घेतलं होतं. गाठोड्यात नवे पोहे आणि एक मीठपुडा. पुड्यावर गुजरातेतल्या मिठाच्या कंपनीचं नाव. तिने मला छत्तीसगढीत विचारलं, ही गाडी कुठवर जाते. मी सांगितलं, अभनपूरपर्यंत. ती मान हलवून शेजारणीला म्हणाली, "छोटी लाइन आय."